धावणाऱ्यांची बिअर

मिकेल बोर्ग बियर्गसो हा डेन्मार्कचा एकेकाळचा मध्यम पल्ल्याचा धावपटू. पुढे तो कोपनहेगनमध्ये शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागला आणि उरलेल्या वेळात घरच्या स्वयंपाकघरात बिअर बनवू लागला. २००६ साली क्रिस्तियान केलर या मित्राबरोबर त्याने ‘मिकेलर’ हे नाव बाजारात आणलं. तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा कारखाना नव्हता. दुसऱ्यांच्या ब्रुअरीत जाऊन आपल्या पाककृतीने बिअर बनवून घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती. ओट्स आणि कॉफी घातलेली त्यांची काळीभोर ‘बिअर गीक ब्रेकफास्ट’ जगभरच्या रसिकांनी उचलून धरली आणि शिक्षकाची नोकरी मागे पडली. मिकेलचा जुळा भाऊ येप्पे हाही धावपटू. त्याने ‘इव्हिल ट्विन’ या नावाने स्वतःची बिअर काढली आणि न्यूयॉर्क गाठलं. २०१४ मध्ये मिकेलने काही मित्रांना घेऊन ‘मिकेलर रनिंग क्लब’ सुरू केला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकत्र धावायचं आणि नंतर एकत्र बिअर घ्यायची, एवढाच त्याचा नियम. हा क्लब बघता बघता अनेक देशांत पसरला.

धावणं आणि बिअर यांची ही जोडी अपवादात्मक नाही. अमेरिकेत ‘डॉगफिश हेड’ने २०१६ मध्ये लिंबू आणि समुद्री मीठ घालून केलेली ‘सीक्वेंच एल’ आणली, ती व्यायाम करणाऱ्यांच्या हातात पटकन रुळली. बॉस्टन मॅरेथॉनच्या दिवसांत ‘सॅम्युअल अ‍ॅडम्स’ची ‘२६.२’ नावाची बिअर शहरभर मिळते, कारण मॅरेथॉन २६.२ मैलांची. सॅन फ्रान्सिस्कोत केटलिन लँड्सबर्ग या धावणाऱ्या उद्योजिकेने २०१६ मध्ये ‘सफरफेस्ट’ काढली आणि तीनच वर्षांत ‘सिएरा नेवाडा’ या मोठ्या ब्रुअरीने ती विकत घेतली. मागणी असल्याखेरीज हे घडत नाही.

मागणी आहे, हे संशोधकांनाही दिसलं आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात डेव्हिड कॉनरॉय यांनी १८ ते ८९ वयाच्या १५० माणसांना स्मार्टफोनवर रोजचा व्यायाम आणि रोजचं मद्यपान नोंदवायला लावलं. ज्या दिवशी माणूस नेहमीपेक्षा जास्त हालचाल करतो, त्याच दिवशी तो जास्त पितोही, असा कल त्यांना आढळला. टेक्सासमधल्या कूपर इन्स्टिट्यूटने ३८,००० हून अधिक लोकांच्या ट्रेडमिल चाचण्या आणि पिण्याच्या सवयी ताडून पाहिल्या. ज्यांचा दमसास चांगला, ते मध्यम किंवा जास्त प्रमाणात पिणारे असण्याची शक्यता कमी दमसासाच्या लोकांपेक्षा जास्त निघाली, आणि हे स्त्री-पुरुष दोघांच्याही बाबतीत खरं होतं. यामागचं कारण एकच एक नाही. श्रमानंतर बक्षीस हवंसं वाटतं, गटात धावणाऱ्यांची बैठक धावणं संपल्यावरही मोडत नाही, आणि ‘आज वीस किलोमीटर झाले, तेवढी सूट चालेल’ असा हिशेब मन परस्पर मांडून टाकतं.

हा शेवटचा हिशेब तपासून पाहायला हवा, कारण तो बहुतेक वेळा चुकतो.

एक काळ असा होता, की मद्य हेच शर्यतीतलं औषध मानलं जाई. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला त्याचे मदतनीस वाटेत ब्रँडी, कच्च्या अंड्याचा बलक नसलेला भाग आणि चक्क स्ट्रिक्निन हे विष पाजत होते. तो अर्धमेल्या अवस्थेत पोचला. चार वर्षांनी लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेचा चार्ल्स हेफेरॉन आघाडीवर होता. शेवटच्या टप्प्यात कुणीतरी पुढे केलेली शँपेन त्याने घेतली, पोटात कळा सुरू झाल्या आणि दोघे त्याला मागे टाकून गेले. सायकलच्या जगातली गोष्ट जरा वेगळी. १९३५ च्या टूर द फ्रान्समध्ये पो ते बोर्दो या कडक उन्हातल्या टप्प्यावर रस्त्याकडेला थंडगार बिअरची टेबलं मांडलेली दिसली, तशी सायकलस्वारांची झुंबड थांबली. ज्युलियाँ म्वानो मात्र थांबला नाही. तो पंधरा मिनिटांहून मोठ्या फरकाने जिंकला. ती टेबलं त्याच्याच दोस्तांनी मांडली होती, असं आजही सांगितलं जातं.

क्वालालंपूरमध्ये १९३८ साली अल्बर्ट गिस्पर्ट या ब्रिटिश हिशेबनिसाने काही सहकाऱ्यांसह ‘हॅश हाउस हॅरियर्स’ सुरू केलं, तेव्हा हेतू उघड होता. आठवडाअखेरची नशा घामावाटे घालवायची, चांगली तहान लावून घ्यायची आणि ती बिअरने भागवायची. गिस्पर्ट दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, पण त्याचा क्लब जगभर पसरला. आजचा मिकेलर क्लब याच पठडीतला वाटतो.

आता शरीराकडे वळू. बिअरमध्ये धावपटूच्या आड येणारी मुख्य गोष्ट एकच: इथेनॉल, आणि त्याचं वजन. ५ टक्के अल्कोहोल असलेल्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम इथेनॉल असतं. आपल्याकडे बिअरच्या दुकानात सर्वाधिक खपणारी ६५० मिलिलिटरची ‘स्ट्राँग’ बाटली ८ टक्क्यांची असेल, तर तिच्यात ४१ ग्रॅम. म्हणजे ‘एकच बाटली घेतली’ असं म्हणणाऱ्या दोन माणसांच्या पोटात तिपटीहून अधिक फरक असू शकतो. छोट्या ब्रुअरींच्या क्राफ्ट बिअरने हा फरक आणखी ताणला. एकाच टॅपरूमच्या फळ्यावर ४ टक्क्यांची हलकी बिअर, साडेसहा टक्क्यांची इंडिया पेल एल (आयपीए) आणि ९ टक्क्यांची इंपीरियल स्टाउट शेजारी शेजारी लिहिलेली असते. स्वादाने भरलेली आयपीए जिभेला फळांच्या रसासारखी लागते आणि तिचा जोर कळत नाही. म्हणून लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याने ग्लास मोजून उपयोग नाही, ग्रॅम मोजायला हवेत. आणि ते ग्रॅम आपल्या वजनाच्या तुलनेत मोजायला हवेत.

हे वजनाचं गणित न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात मॅथ्यू बार्न्स यांनी केलेल्या प्रयोगांमुळे स्पष्ट झालं. त्यांनी तरुणांकडून मांडीच्या स्नायूंना मुद्दाम इजा होईल असा व्यायाम करून घेतला. उतारावर धावताना जसा ताण येतो, तशा प्रकारचा. त्यानंतर काहींना संत्र्याच्या रसात व्होडका घालून दिली. शरीराच्या दर किलोमागे १ ग्रॅम अल्कोहोल गेलं, तेव्हा पुढच्या दीड दिवसात स्नायूंची ताकद, नुसता रस प्यायल्यापेक्षा बरीच जास्त घसरली. मात्र हेच प्रमाण अर्ध्यावर, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅमवर आणलं, तेव्हा असा फरक दिसला नाही. साठ किलोच्या धावपटूसाठी अर्धा ग्रॅम म्हणजे ३० ग्रॅम: ५ टक्क्यांच्या छोट्या दोन बाटल्या आणि वर थोडं. ८ टक्क्यांच्या एका मोठ्या बाटलीत ही रेषा ओलांडलेली असते.

व्यायामाच्या जगात सतत उद्धृत होणारा दुसरा प्रयोग मेलबर्नचा. २०१४ मध्ये एव्हलिन पार, जॉन हॉली आणि सहकाऱ्यांनी आठ जणांकडून वजनं आणि सायकलिंग असा कडक व्यायाम करून घेतला आणि त्यानंतर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं. प्रथिनं सोबत दिली तरी स्नायूंची नवी बांधणी २४ टक्क्यांनी मंदावली. प्रथिनांऐवजी नुसते पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा ती ३७ टक्क्यांनी मंदावली. हे आकडे ऐकून अनेक जण घाबरतात. घाबरण्याआधी मात्रा पाहावी. साठ किलोच्या माणसाला दीड ग्रॅमच्या हिशेबाने ९० ग्रॅम इथेनॉल होतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या सात बाटल्या. एका संध्याकाळी सात बाटल्या पिणाऱ्याचा स्नायू भरून येत नाही, यात नवल नाही. पण एका बाटलीने काय होतं, हे या प्रयोगातून सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

तहानेचं काय? धावून आल्यावर बिअर ‘पाणी भरून काढते’ हा समज जुना आहे. अ‍ॅबरडीनमध्ये सुसान शिरेफ्स आणि रॉन मॉगन यांनी १९९७ मध्ये तो तपासला. सहा जणांना व्यायामाने इतकं घामाघूम केलं, की त्यांचं वजन सुमारे २ टक्क्यांनी उतरलं. मग गेलेल्या वजनाच्या दीडपट द्रव त्यांना प्यायला दिला. एका वेळी अल्कोहोल नसलेला, मग १, २ आणि ४ टक्के असलेला. २ टक्क्यांपर्यंत विशेष फरक पडला नाही. ४ टक्क्यांना मात्र लघवीवाटे जास्त पाणी गेलं आणि शरीरातलं पाणी पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागला. कारण सरळ आहे. लघवी रोखून धरणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला अल्कोहोल दाबून टाकतं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात बेन डेसब्रो यांच्या गटाने बिअरचेच घटक बदलून पाहिले. अल्कोहोल २.३ टक्क्यांवर आणलं आणि सोडियम वाढवलं, तेव्हा शरीराने नेहमीच्या बिअरपेक्षा बरंच जास्त पाणी धरून ठेवलं.

सोडियमचा मुद्दा आपल्या हवेत फार महत्त्वाचा. मुंबईच्या दमट सकाळी तासाभराच्या धावण्यात एक लिटर घाम सहज जातो आणि त्या लिटरमध्ये माणसागणिक कमीजास्त, पण साधारण १ ग्रॅम सोडियम असतं. एक लिटर साध्या बिअरमध्ये ते जेमतेम ४० मिलिग्रॅम भरतं. म्हणजे बिअर तहान भागल्यासारखं वाटायला लावते, पण गेलेले क्षार परत देत नाही. पिष्टमय पदार्थांचंही तसंच. कडक सरावानंतरच्या पहिल्या काही तासांत दर किलोमागे ताशी सुमारे १ ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यावं, असं क्रीडा आहारतज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या धावपटूला तासाला ६० ग्रॅम. ते बिअरमधून मिळवायचं, तर पाच बाटल्या लागतील आणि त्याबरोबर ६५ ग्रॅम इथेनॉल येईल. एक प्लेट पोहे आणि एक केळं यांत तेच काम होतं.

यकृताची कामाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. इथेनॉल साठवायला शरीरात कोठार नाही, त्यामुळे ते आलं की यकृत इतर कामं बाजूला सारून आधी त्याचा निचरा करतं. या प्रक्रियेत पेशींमधला रासायनिक तोल असा बदलतो, की यकृताचं नवी साखर तयार करण्याचं काम मंदावतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण तीस किलोमीटर धावून आलेल्या माणसाच्या यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा आधीच तळाला गेलेला असतो. अशा वेळी रिकाम्या पोटी बिअर घेतली, तर रक्तातली साखर घसरून चक्कर येऊ शकते, हात थरथरू शकतात. शर्यत संपल्या संपल्या फोटोपुरती हातात घेतलेली बाटली म्हणूनच सर्वांत वाईट वेळी आलेली असते. आधी पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक, मग जेवण, आणि त्यानंतर काही तासांनी बिअर, हा क्रम शरीराच्या रचनेतूनच येतो.

‘बिअर माइल’ या खेळाने या बाबतीत बराच गैरसमज पसरवला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात ही शर्यत सुरू झाली. ट्रॅकवर चार फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीआधी ३५५ मिलिलिटरचा एक कॅन रिचवायचा. बिअर किमान ५ टक्क्यांची हवी आणि उलटी झाली तर एक जादा फेरी. २०१४ मध्ये अमेरिकेच्या जेम्स नील्सनने पहिल्यांदा पाच मिनिटांच्या आत ही शर्यत संपवली आणि कॅनडाच्या कोरी बेलमोरने पुढे ती वेळ साडेचार मिनिटांच्याही खाली आणली. पण एवढ्या थोड्या वेळात अल्कोहोल रक्तात नीट उतरतही नाही. खेळाडू झगडत असतो तो पोटातल्या गॅसशी. दमसासाच्या खेळात बिअरची किंमत पुढच्या रात्री आणि पुढच्या सकाळी मोजावी लागते, आणि ती बिअर माइलच्या घड्याळात दिसत नाही.

ती किंमत मुख्यतः झोपेत चुकती होते. सरावामुळे होणारी सुधारणा धावताना होत नाही, ती विश्रांतीत होते, हे प्रत्येक प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतो. फिनलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,०९८ नोकरदारांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद झोपेच्या पहिल्या तीन तासांत ठेवली गेली. प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या रात्रींची तुलना केली. ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून शरीर किती सावरतंय, याचा अंदाज येतो. किलोमागे पाव ग्रॅमपर्यंतच्या थोड्या मद्यानेही सावरण्याचं हे माप सुमारे ९ टक्क्यांनी घटलं. मध्यम प्रमाणात ही घट २४ टक्के होती आणि जास्त प्रमाणात ३९ टक्के. या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची ओळ धावपटूंसाठी आहे: नियमित व्यायाम करणाऱ्यांनाही या परिणामापासून संरक्षण मिळालं नाही. दमसास कमावलेला असला, तरी रात्रीचा ग्लास हृदयाला तेवढाच जागवतो.

इथे एक गोष्ट लक्षात येते, की मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची आहे. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम इथेनॉलचा निचरा करतं. रात्री दहाला दोन छोट्या बाटल्या घेतल्या, तर त्यातलं २६ ग्रॅम इथेनॉल मध्यरात्र उलटेपर्यंत रक्तात राहतं. तेवढ्याच बाटल्या दुपारी दोनच्या जेवणाबरोबर घेतल्या, तर संध्याकाळी सहापर्यंत बहुतेक हिशेब मिटतो आणि दहाची झोप मोकळी मिळते.

पुण्यातल्या धावपटूंचं वेळापत्रक नेमकं याच्या उलट असतं. लाँग रन रविवारी पहाटे. वेताळ टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या परिसरात साडेपाचला गट निघतात. आणि मायक्रोब्रुअरी भरतात त्या शनिवारी रात्री. हा झगडा या शहरात जरा जास्तच जाणवतो, कारण भारतातल्या क्राफ्ट बिअरची सुरुवात इथलीच. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शॉफ यांच्या साथीने २००९ मध्ये ‘दूलाली’ सुरू केली, ती देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. पुढे ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आली, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ आली. मॅरेथॉनची परंपराही इथे १९८३ पासूनची. तेव्हा दोन्ही आवडी असलेली माणसं या शहरात भरपूर, आणि त्यांना शनिवारची रात्र सोडून रविवारची दुपार निवडणं हा सर्वांत सोपा बदल आहे. धावून, खाऊन, तासभर झोपून उठल्यावर दुपारच्या जेवणाबरोबर चांगली बिअर घ्यावी. तीच बिअर, तेवढीच मात्रा, आणि सोमवारचं शरीर वेगळं.

बिअरची निवडही तितकीच महत्त्वाची आहे, आणि क्राफ्ट बिअर या प्रश्नाचं उत्तर देते ती याच ठिकाणी. मोठ्या कंपन्यांच्या कमी अल्कोहोलच्या बिअरला चव कमी असते, म्हणून लोक जोराकडे वळतात. छोट्या ब्रुअरीचा ब्रुअर ४ टक्क्यांतही स्वाद उभा करू शकतो. आंबटपणा, मसाले, फळं, भाजलेलं माल्ट, उशिरा घातलेले हॉप्स ही सगळी त्याच्या हातातली साधनं आहेत. याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे जर्मनीतली ‘गोझे’. हार्झ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गोस्लार गावात ती जन्मली आणि लाइपझिगमध्ये तिचं कौतुक झालं. गव्हाचं माल्ट, दह्यासारखा आंबटपणा देणारे जिवाणू, धने आणि मीठ हे तिचे घटक. १९६६ मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं होतं, १९८० च्या दशकात ती पुन्हा सुरू झाली आणि एकविसाव्या शतकात अमेरिकेतल्या ब्रुअरांनी तिला जगभर नेलं. ‘सीक्वेंच’ आणि ‘२६.२’ या दोन्ही धावपटूप्रिय बिअरच्या पाककृतींचा धागा गोझेशी जुळतो.

पुण्याच्या नकुल भोसले यांच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने या परंपरेत कोकम आणि मीठ घालून ‘सॉल्टेड कोकम’ काढली. कोकणात उन्हातून आलेल्या पाहुण्याला मीठ घातलेलं कोकम सरबत देतात, त्या चवीचा हा बिअरमधला अवतार. इथल्या मातीचं फळ आणि जर्मनीच्या खारट-आंबट बिअरची रीत असं हे जमलेलं मिश्रण आहे आणि मराठी ब्रुअरच्या कल्पकतेचा तो चांगला दाखला आहे. एवढं मात्र खरं, की त्यातलं मीठ चवीपुरतं असतं. घामातून गेलेलं सोडियम भरून काढण्यासाठी साधं कोकम सरबतच हवं.

बिअरमध्ये धावपटूच्या फायद्याचं काहीच नाही का? आहे, आणि ते हॉप्स आणि जवाच्या माल्टमध्ये आहे. म्युनिकमध्ये डॉ. योहानेस शेर यांनी २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनमधल्या २७७ पुरुष धावपटूंवर प्रयोग केला. शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत अर्ध्या लोकांना रोज १ ते १.५ लिटर अल्कोहोलविरहित गव्हाची बिअर दिली, उरलेल्यांना तशाच चवीचं, पण हॉप्स-माल्टमधली पॉलिफिनॉल ही संयुगं नसलेलं पेय दिलं. मॅरेथॉननंतरच्या दिवसांत धावपटूंना सर्दी-घशाचे त्रास जास्त होतात. बिअर घेणाऱ्यांत ते दुसऱ्या गटापेक्षा तिपटीने कमी झाले आणि दाह दाखवणारी रक्तातली मापंही कमी राहिली. श्रेय त्यांनी पॉलिफिनॉलना दिलं. हा प्रयोग ‘एर्डिंगर’ या ब्रुअरीच्या पैशातून झाला, हेही वाचकाने लक्षात ठेवावं. निष्कर्ष रद्द ठरत नाही, पण स्वतंत्र गटांनी तो पुन्हा तपासायला हवा. आणि फायदा दिसला तो अल्कोहोल नसलेल्या बिअरमध्ये. त्याचा आधार घेऊन ६ टक्क्यांची बिअर आरोग्यदायी ठरवणं चुकीचं.

जर्मनांनी मात्र ही गोष्ट मनावर घेतली. बर्लिन मॅरेथॉन संपवणाऱ्यांच्या हातात अल्कोहोलविरहित बिअर येते. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकसाठी जर्मन खेळाडूंच्या निवासात ‘क्रोम्बाखर’ने सुमारे ३,५०० लिटर अशी बिअर पोचवली.

महाराष्ट्रात शर्यतींचा मोसमच अडचणीचा आहे. पुणे मॅरेथॉन डिसेंबरच्या सुरुवातीला, मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. मुंबईची तयारी करणाऱ्याचे सर्वांत लांब पल्ले डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतात, आणि लग्नं, नाताळ, वर्षअखेर हे सगळं त्याच काळात. ज्याला खरंच वेळ सुधारायची आहे, त्याने ते पाच-सहा आठवडे अल्कोहोल बाजूला ठेवावं, हे प्रामाणिक मत. शर्यतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात तर झोप आणि ग्लायकोजेनचा साठा यांच्या आड काहीच येऊ नये.

काहींसाठी अल्कोहोलची योग्य मात्रा शून्यच आहे. म्युनिकच्या संशोधकांनी २०१५ च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये ३,०२८ लोकांचे ईसीजी जागेवरच काढले. प्यायलेल्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक जणांच्या हृदयाच्या लयीत बिघाड दिसला, बहुतेकांत ठोक्यांचा वेग वाढलेला. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा कडक सराव करणाऱ्या पुरुषांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन हा लयीचा आजार मुळातच काहीसा जास्त आढळतो. ज्याला तो आहे किंवा होऊन गेला आहे, त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ग्लास उचलू नये. शर्यतीनंतर वेदनाशामक गोळी घेतली असेल, तरीही नाही. आयब्युप्रोफेन आणि अल्कोहोल मिळून पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांवर ती गोळी आधीच ताण देत असते. आणि कर्करोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्वच्छ आहे: अल्कोहोलची पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नाही. रोज दहा किलोमीटर धावल्याने हा नियम बदलत नाही.

कनेक्टिकटचे बिल शुफेल्ट यांनी २०१३ मध्ये पिणं पूर्ण सोडलं. शेअर बाजारातली नोकरी, सराव आणि संसार सांभाळताना त्यांना चांगल्या चवीची अल्कोहोलविरहित बिअर कुठेच मिळेना. २०१७ मध्ये त्यांनी ब्रुअर जॉन वॉकर यांच्याबरोबर ‘अ‍ॅथलेटिक ब्रुइंग’ काढली. ती शर्यतींच्या तंबूंतून, आयर्नमॅनच्या मैदानांतून धावपटूंपर्यंत पोचली आणि आज अमेरिकेतल्या अल्कोहोलविरहित क्राफ्ट बिअरमध्ये ती अग्रेसर आहे. अशी बिअर बनवायच्या मुख्य वाटा दोन. नेहमीसारखी आंबवून मग कमी दाबाखाली कमी तापमानावर किंवा बारीक पडद्यांमधून गाळून अल्कोहोल काढायचं. नाहीतर माल्टमधली मुख्य साखर, माल्टोज, पचवू न शकणारं यीस्ट वापरायचं आणि अल्कोहोल मुळात फारसं तयारच होऊ द्यायचं नाही. दुसऱ्या पद्धतीत न पचलेली साखर बिअरमध्ये राहते, म्हणून ती गोडसर लागू शकते आणि ब्रुअरला ती हॉप्सच्या कडवटपणाने तोलावी लागते. मिकेलरची ०.३ टक्क्यांची ‘ड्रिंकइन द सन’ हॉप्सच्या जोरावरच गाजली.

आपल्याकडे ‘हायनेकेन ०.०’ आणि ‘बडवायझर ०.०’ यांसारखे कॅन आता किराणा दुकानांच्या शीतकपाटातही दिसतात, आणि त्यांना २१ वर्षांची अट असलेलं बिअरचं दुकान गाठावं लागत नाही. मात्र ‘नॉन-अल्कोहोलिक बिअर’ या नावाखाली विकली जाणारी फळांच्या स्वादाची अनेक पेयं आंबवलेली नसतातच, ती माल्टच्या वासाचं साखरेचं सरबत असतात. लाँग रननंतर तासाभरात ती साखर उपयोगीही पडेल, पण रोज संध्याकाळी टीव्हीसमोर घ्यायची असेल, तर कॅनच्या मागच्या बाजूला १०० मिलिलिटरमागे साखर किती ग्रॅम लिहिली आहे, ते आधी वाचावं आणि कॅन ३३० मिलिलिटरचा असेल तर त्या आकड्याला ३.३ ने गुणावं.